अलिखित नियमांचा जाच

संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये ओळ किती लांब असावी, सुरुवातीला किती जागा सोडावी, अवतरणचिन्ह एकेरी असावं की दुहेरी, हे प्रश्न स्त्री-चळवळीच्या अंकात कशाला, असं कुणालाही वाटेल. पोटगी, कामाच्या जागी होणारा छळ, एकट्या बाईच्या नावाचं रेशनकार्ड असे विषय समोर पडलेले असताना या स्वल्पविरामांचं काय घेऊन बसलात? मला मात्र वाटतं की हा आपलाच विषय आहे. एखाद्या कामात ‘बरोबर’ काय आणि ‘चूक’ काय हे कोण ठरवतं, ठरवलेलं कुठे लिहून ठेवलेलं असतं का, आणि नव्यानं दार ठोठावणाऱ्या बाईला ते आधी वाचायला मिळतं का, हे प्रश्न आपण घरात विचारले, कारखान्यात विचारले, कचेरीत विचारले. आता ते संगणकाच्या कोडबद्दलही विचारायला हवेत.

पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत माझी वीसएक वर्षं गेली. नोकरीबाहेर, रात्री मागचं आवरून झाल्यावर, मी ओपन सोर्स म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचं थोडं काम करते. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. संगणकाला द्यायच्या सूचनांचा मजकूर म्हणजे कोड. मुक्त सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांना वाचायला, वापरायला, बदलायला मोकळा असतो. विरजणासारखंच ते. शेजारणीला चमचाभर दिलं म्हणून आपलं संपत नाही, आणि तिच्याकडे लागलेल्या दह्यातून पुढे आणखी चार घरी जातं. लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकांचं वाचनालय नव्हे. वारंवार लागणारे कोडचे तयार भाग, दर वेळी पहिल्यापासून लिहीत बसायला नको म्हणून, एकत्र करून ठेवलेले असतात, त्यांना लायब्ररी म्हणतात.

असंच एक मोठं नाव म्हणजे ‘जँगो’. पायथन या भाषेत वेबसाइट बांधायची ही तयार चौकट. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत ती तयार झाली आणि २००५ साली सर्वांसाठी खुली झाली. इन्स्टाग्राम तिच्यावरच उभं राहिलं. जगातल्या कुणीही तिच्यात बदल सुचवावा. बदल पाठवला की देखभाल करणारी मंडळी, त्यांना मेंटेनर म्हणतात, तो तपासतात. मग स्वीकारतात, दुरुस्त करायला सांगतात किंवा परत पाठवतात.

तपासायचं कशाच्या आधारावर? इथे नियम येतात. पायथन भाषेची शिस्त सांगणारा ‘पेप ८’ हा दस्तऐवज २००१ सालचा. चार मोकळ्या जागा सोडून ओळ सुरू करा, ओळ ७९ अक्षरांपलीकडे नेऊ नका, नावं कशी ठेवा, असं त्यात बारकाईनं सांगितलं आहे. जँगोनं त्यावर स्वतःचे नियम घातले. कोडमधल्या टिपांत ‘आम्ही’ हा शब्द टाळा. बदलाबरोबर तो बरोबर चालतो हे दाखवणारी टेस्ट जोडा. केलेल्या बदलाची नोंद भूतकाळात लिहा आणि शेवटी पूर्णविराम द्या. कोडमध्ये स्वतःचं नाव घालू नका, योगदान देणाऱ्यांची नावं एका वेगळ्या यादीत राहतील.

आता आपल्यापैकी अनेकींच्या कपाळाला आठी पडेल, आणि ती पडणं मला समजतं. नियम म्हटला की आपल्याला आठवतं ते बाईनं पाळायचं काहीतरी. पदर कुठवर, हसायचं किती, चार दिवस बसायचं कुठे. शास्त्रं त्यांनी लिहायची आणि पाळायची आपण. म्हणून चळवळीतले आपले पहिले गट नियमांपासून लांब राहिले. अध्यक्ष नको, घटना नको, गोल करून बसू आणि सगळ्याजणी बोलू. त्या बसण्यातून खूप मिळालं, यात शंका नाही. पण अमेरिकेतली स्त्रीवादी कार्यकर्ती जो फ्रीमन हिनं १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच या पद्धतीतला धोका दाखवून दिला होता. तिचं म्हणणं थोडक्यात असं: गटाला रचना नाही असं म्हटल्यानं रचना नाहीशी होत नाही, ती फक्त दिसेनाशी होते. मग ज्यांची आपसात मैत्री आहे, ज्यांना वेळ आहे, ज्या आधीपासून आहेत त्यांचं चालतं. त्यांना जाबही विचारता येत नाही, कारण कागदावर त्यांच्याकडे सत्ताच नसते.

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगाला हे तंतोतंत लागू पडतं. इथे कुणी मालक नाही, काम बोलेल, माणूस कोण ते बघायचं नाही, असं अभिमानानं सांगतात. पण दारात कोण कोण दिसतं? २००२ साली युरोपात मुक्त सॉफ्टवेअर करणाऱ्यांची मोठी पाहणी झाली, तिच्यात बायका होत्या १.१ टक्का. पंधरा वर्षांनी, २०१७ साली, गिटहबनं (जिथे हे बहुतेक काम चालतं ती जागा) केलेल्या पाहणीत उत्तर देणाऱ्यांपैकी ९५ टक्के पुरुष आणि ३ टक्के बायका निघाल्या. नोकरी करणाऱ्या प्रोग्रॅमरांत बायका याहून कितीतरी जास्त आहेत. म्हणजे जिथे पगार आहे आणि कागदोपत्री काही नियम आहेत तिथे आम्ही थोड्याफार दिसतो, आणि जिथे ‘सगळं खुलं’ आहे तिथे जवळजवळ दिसतच नाही! याची कारणं अनेक आहेत, पण त्यातलं एक मी स्वतः भोगलेलं आहे.

काही वर्षांपूर्वी एका लहानशा लायब्ररीला मी एक दुरुस्ती पाठवली. तारखांच्या हिशोबात गोंधळ होत होता, तो निस्तरला होता, टेस्टही जोडली होती. उत्तर आलं, ‘हे आमच्या पद्धतीचं वाटत नाही.’ पद्धत कुठे वाचायला मिळेल, असं विचारलं. उत्तर आलं, जुना कोड वाचा म्हणजे कळेल. जुना कोड वाचला तर त्यात तिघांच्या तीन तऱ्हा. एका तऱ्हेनं लिहून पाठवलं, परत आलं. दुसऱ्या तऱ्हेनं पाठवलं, परत आलं. चार फेऱ्यांनंतर उत्तर येणंच थांबलं. दुरुस्तीत खोट आहे असं शेवटपर्यंत कुणी म्हणालं नाही.

ज्या बाईनं लग्नानंतरचं पहिलं वर्ष सासरी काढलं आहे तिला हे वेगळं समजावून सांगायला नको. ‘आमच्याकडे असं करत नाहीत.’ फोडणीत मोहरी आधी की जिरं, चहाला आधण किती, पाहुण्यांसमोर बसायचं की आत जायचं. लिहिलेलं काहीच नसतं आणि चुकलेलं मात्र दर वेळी आपलंच असतं. नियम माहीत नसणं हा नव्या सुनेचा गुन्हा ठरतो, आणि नियम न सांगणं हा कुणाचाच गुन्हा नसतो. हे असं चालू शकतं ते नियम अलिखित असतात म्हणूनच.

हा माझ्या एकटीचा कढ नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या आणि कॅलिफोर्नियातल्या पॉलिटेक्निक विद्यापीठातल्या संशोधकांनी गिटहबवरच्या बदलांच्या प्रस्तावांचा अभ्यास केला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. एकूण पाहता बायकांनी पाठवलेले प्रस्ताव पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात स्वीकारले गेले होते, साधारण ७९ टक्के विरुद्ध ७५ टक्के. म्हणजे बायकांना कोड लिहिता येत नाही, हा प्रश्न तिथेच मिटला. पण ज्या बायका त्या प्रकल्पाला नवख्या होत्या, त्यांच्या बाबतीत वेगळंच दिसलं. नावावरून किंवा फोटोवरून ही बाई आहे असं ओळखू येत नव्हतं तेव्हा त्यांचे जवळपास ७२ टक्के प्रस्ताव स्वीकारले गेले. ओळखू येत होतं तेव्हा तो आकडा ६२-६३ वर घसरला. ओळख उघड असलेल्या नवख्या पुरुषांचाही आकडा घसरला, पण एवढा नाही. ‘आतल्या’ माणसाला नाव विचारत नाहीत. परकी बाई दिसली की मात्र कोड जरा जास्त निरखून पाहिला जातो.

इथे लिहिलेला नियम कामाला येतो. ‘मला हे बरं दिसत नाही’ याला उत्तर नसतं. ‘अमुक नियम मोडला आहे’ याला असतं. एक तर नियम दाखवा, नाही तर हरकत मागे घ्या, असं म्हणता येतं. त्याहून पुढची पायरी म्हणजे ही तपासणी माणसाच्या हातातून काढून घेणं. २०१८ साली पायथनसाठी ‘ब्लॅक’ नावाचं साधन आलं. तुम्ही कसाही मांडलेला कोड ते एकाच ठरावीक पद्धतीनं मांडून देतं. आवडीनिवडी फारशा विचारतच नाही. जँगोच्या मंडळींनी ते वापरायचं असं २०१९ मध्ये रीतसर प्रस्ताव मांडून, चर्चा करून ठरवलं, साधन स्थिरावेपर्यंत वाट पाहिली आणि २०२२ च्या फेब्रुवारीत आपला सगळा कोड त्यातून काढला. पंधरा वर्षांच्या जुन्या जाणत्याचा कोडही त्याच यंत्रातून गेला आणि काल आलेल्या मुलीचाही. कुणाच्याच मनासारखं झालं नसेल, पण अवतरणचिन्हांवरून कुणाला खाली बघायला लावायची सोय संपली.

यात वेळेचाही हिशोब आहे. सरकारनं २०२४ साली केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीप्रमाणे आपल्या देशात बिनपगारी घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवते, आणि घरकाम करणारा पुरुष ८८ मिनिटं. मुक्त सॉफ्टवेअरचं बहुतेक काम उरलेल्या वेळात आणि बिनपैशाचं होतं. ज्याला रोज रात्री तीन तास मोकळे आहेत त्याला चार फेऱ्या म्हणजे एक आठवडा. जिला रविवारी दुपारी मुलं झोपली तर एक तास मिळतो, तिला चार फेऱ्या म्हणजे दोन महिने. नियम आधी कळला आणि यंत्रानं तिथल्या तिथे चूक दाखवली तर तिचा तो एक तास खऱ्या कामाला लागतो.

पण मैत्रिणींनो, नियम लिहिला की न्याय झाला, असं मी म्हणत नाही. लिहिलेल्या नियमात काय आहे हेही बघावं लागतं. २०१३ च्या नोव्हेंबरात ‘लिबयूव्ही’ नावाच्या लायब्ररीच्या बाबतीत एक प्रसंग घडला. तिथल्या कोडमधल्या एका टिपेत वापरणाऱ्याचा उल्लेख ‘तो’ असा होता. बाहेरच्या एकानं, स्त्री-पुरुष दोघांनाही लागू पडेल असा शब्द तिथे सुचवला. एका मेंटेनरनं, असले किरकोळ बदल आम्हाला नकोत, असं सांगून तो नाकारला. दुसऱ्या एका वरिष्ठानं तो स्वीकारला, तर पहिल्यानं, ठरलेल्या माणसांची मान्यता घेतलेली नाही, हा नियम दाखवून तो मागे घेतला. बराच गदारोळ झाला. शेवटी शब्द बदलला गेला आणि तो मेंटेनर त्या जबाबदारीतून बाजूला झाला. यातून दोन गोष्टी दिसतात. एका शब्दाचा बदल ‘किरकोळ’ वाटतो तो ज्याला ‘तो’ म्हणून हाक मारली जाते त्याला. आणि लिहिलेल्या नियमाचं हत्यारही करता येतं.

जँगोनं हाच प्रश्न नियमानं सोडवला. तिच्या लिखाणाच्या नियमात स्पष्ट म्हटलं आहे की काल्पनिक माणसाबद्दल लिहिताना इंग्रजीत स्त्री-पुरुष असा भेद न करणारं सर्वनाम वापरावं. त्यामुळे आता कुणा एकट्या बाईला, ‘यात बायकाही येतात हो,’ असं म्हणत भांडत बसावं लागत नाही. २०१४ साली जँगोनं आपल्या दस्तऐवजातली ‘मालक-गुलाम’ अशी जोडीही काढून टाकली. मुख्य डेटाबेस आणि त्याची नक्कल यांच्यासाठी हे शब्द सर्रास वापरले जात. तेव्हा अनेकांनी टिंगल केली. २०२० साली खुद्द लिनक्सच्या कोड लिहिण्याच्या नियमांत तसे शब्द नव्यानं वापरू नयेत अशी भर पडली.

भाषेचा मुद्दा तर आपल्या अगदी जवळचा. कोडमधल्या टिपा इंग्रजीतच लिहा, तुमची भाषा न जाणणारं कुणीही हा कोड कधी वाचणार नाही अशी शंभर टक्क्यांहून जास्त खात्री असेल तरच आपल्या भाषेत लिहा, असं ‘पेप ८’ बिगर-इंग्रजी देशांतल्या लोकांना सांगतं. जगभरच्या माणसांनी मिळून काम करायचं तर एक समान भाषा लागते, हे मला मान्य आहे. पण कोणतं इंग्रजी? २०२० पर्यंत त्यात, इंग्रजी लिहिताना स्ट्रंक आणि व्हाइट यांच्या शैलीच्या पुस्तकाप्रमाणे लिहा, असं वाक्य होतं. ते काढून, वाचणाऱ्याला स्पष्ट आणि सहज कळेल असं लिहा, एवढंच ठेवलं. त्यावरून बराच वाद झाला. आपण मराठीत शुद्ध-अशुद्धाचा काच पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. ‘न’चा ‘ण’ झाला म्हणून शाळेत गप्प बसवलेल्या मुली आपल्या गटांत आहेत. समजेल असं लिहा, हा नियम लातूरच्या कॉलेजातल्या मुलीला पाळता येतो. अमुक पुस्तकाप्रमाणे लिहा, हा नियम तिला दारातच थांबवतो.

लिहिलेला नियम म्हणजे पाय ठेवायला जागा, हे आपण आपल्या लढ्यांतून शिकलो आहोत. राजस्थानातल्या भंवरीदेवीच्या प्रकरणानंतर बायकांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि १९९७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं विशाखा मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्याआधी छळ होत नव्हता का? होता. पण ‘स्वभावच तसा आहे त्यांचा’ याच्यापुढे बोलायला शब्द नव्हते. २०१३ साली कायदा झाला. आजही कित्येक ठिकाणी तक्रार समिती नुसती कागदावर असते, तरी त्या कागदाच्या आधारानं जाब विचारता येतो. कोडच्या नियमांचा जीव याच्यापुढे लहान आहे, पण जात तीच आहे.

म्हणून मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रत्येक लायब्ररीकडे आपण चार गोष्टी मागाव्यात असं मला वाटतं. एक, नियम एका जागी, साध्या भाषेत लिहिलेले असावेत, आणि बदल पाठवल्यावर उत्तर साधारण किती दिवसांत येईल हेही त्यात असावं. दोन, जे यंत्राला तपासता येतं ते यंत्रानंच तपासावं, जुन्या-नव्या सगळ्यांचं. तीन, नाकारताना नियम दाखवावा. नियम नसेल तर ती सूचना समजावी, अट नव्हे. चार, नियम बदलायची रीतही लिहिलेली असावी, आणि नियम ठरवणाऱ्यांत बायका असाव्यात. ही चौथी गोष्ट अशक्य नाही. जँगोत २०१४ पासून देखभालीसाठी मानधन देऊन माणसं नेमतात, आणि २०२३ साली नतालिया बिदार्त व २०२४ साली सारा बॉइस या त्या कामावर आल्या. मानधन मिळालं की बाईला हे काम रात्री अकरानंतर करावं लागत नाही, हे वेगळं सांगायला नको.

आपल्या मुली, भाच्या, गटातल्या तरुण मैत्रिणी या क्षेत्रात येत आहेत. त्यांना मी एवढंच सांगते. बदल पाठवण्याआधी त्या लायब्ररीचे नियम शोधा आणि नीट वाचा. नियम सापडले नाहीत तर पहिला बदल म्हणून, नियम लिहून काढू या, असाच प्रस्ताव पाठवा. तो मसुदा दोघी-तिघींनी मिळून लिहा, म्हणजे उत्तर द्यायला एकटीला उभं राहावं लागणार नाही. आणि कुणी ‘हे आमच्याकडे चालत नाही’ म्हणालं, तर शांतपणे विचारा: कुठे लिहिलं आहे?